हाक आणि ओ: मेंदूतल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीची गोष्ट



भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की पहिल्याच दिवशी त्यांच्या बॅगेतून तीन गोष्टी बाहेर निघतात. भाजणी, प्लॅस्टिकमध्ये चार वेळा गुंडाळलेली लोणच्याची बरणी, आणि औषधांचा डबा. पहिल्या दोन कुठे ठेवायच्या हे आपल्याला बरोबर कळतं. डब्यापाशी मात्र आपण घुटमळतो. त्यात रक्तदाबाची गोळी असते, ॲसिडिटीची असते, बऱ्याच घरांत थायरॉइडची असते. एखादी पट्टी अशीही असते की जिच्यावरचं नाव अर्धं फाटलेलं असतं आणि "ती सांध्यांसाठी, कधीमधी घेते" एवढीच तिची माहिती असते. डब्याच्या तळाशी घडी घातलेला रक्ततपासणीचा रिपोर्ट. त्यावर टीएसएच, त्याच्यापुढे २.१ असा एखादा आकडा. आपण बघतो आणि म्हणतो, "चला, थायरॉइड नॉर्मल आहे."

आज त्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. कारण टीएसएच थायरॉइड तयार करतच नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी बसलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून. म्हणजे आपण चौकशी करतो एकाची आणि उत्तर देतं दुसरंच कुणीतरी. बहुतेक वेळा ते उत्तर खरं निघतं. क्वचित ते फसवं असतं, आणि असं फसलेलं माणूस नेमकं आपल्या आया-मावश्यांच्या पिढीतलं असू शकतं.

आधी जागा ओळखून घेऊ. दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळामागे आत आत गेलं की कवटीच्या तळाच्या हाडात एक लहानसा खड्डा लागतो. घोड्याच्या खोगिरासारखा त्याचा आकार, म्हणून जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' असं नाव दिलं. त्या खोगिरात वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी बसलेली असते. शाळेच्या पुस्तकात ती तुम्हाला 'पियुषिका' म्हणून भेटली असेल. तिच्या डोक्यावर, एका बारीक देठाने जोडलेला, बदामाएवढा मेंदूचा भाग म्हणजे हायपोथॅलॅमस, पुस्तकातलं 'अधश्चेतक'. भूक, तहान, झोप, ताप, भीती, सगळ्यांच्या बातम्या इथे येऊन पोचतात. आणि इथून खाली जे निरोप जातात, त्यांवर थायरॉइड, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी, अंडाशय आणि वृषण, एवढ्यांचा कारभार चालतो.

हा कारभार समजायला गावाकडचा वाडा डोळ्यांपुढे आणा. माजघरात आजी बसलेली आहे. तिला दिवेलागणीची वेळ कळते, घरात काय शिजलंय ते माहीत असतं, कोण आजारी आहे तेही माहीत असतं. पण तिचा आवाज अंगणापर्यंत पोचत नाही. ती हळूच आईला सांगते, "बोलव गं पोरांना." आई मागच्या दारात उभी राहून हाक मारते. पोरं "ओ" देतात, घरात येतात. आईने एकदा ओ ऐकली की ती पुन्हा हाक मारत नाही. ओ आलीच नाही तर मात्र तिचा आवाज चढत जातो.

आजी म्हणजे हायपोथॅलॅमस, आई म्हणजे पिट्युटरी, अंगणातली पोरं म्हणजे बाकीच्या ग्रंथी. टीएसएच ही आईची हाक. थायरॉक्सिन, म्हणजे रिपोर्टवरचं टी-फोर, ही पोराची ओ. ही ओ रक्तातून वर जाते आणि आईचा आणि आजीचा, दोघींचाही आवाज खाली आणते. सगळी व्यवस्था एवढीच आहे. फक्त आई एकाच वेळी तीन-चार अंगणांत हाका मारत असते, आणि प्रत्येक अंगणासाठी तिची हाक वेगळी असते.

आजी खरंच काही बोलते का, हे सिद्ध करायला मात्र शास्त्रज्ञांचं अर्धं आयुष्य गेलं, आणि ती लढाई बरीचशी इथे, अमेरिकेत झाली. इंग्लंडच्या जेफ्री हॅरिस यांनी मांडलं होतं की हायपोथॅलॅमस आपले निरोप त्या देठातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांतून रसायनांच्या रूपात खाली पाठवत असणार. मांडणी सुंदर होती, पण रसायन हातात कुणाच्याच नव्हतं. ते शोधायला फ्रान्समधून आलेले रॉजर गिलेमँ आणि पोलंडमध्ये जन्मलेले अँड्र्यू शॅली १९५७ साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनला, बेलर वैद्यकीय महाविद्यालयात एकत्र आले. पाच वर्षं एकत्र काम केलं, आणि मग असे फाटले की पुढे दोघांची उघड शर्यतच लागली. शॅली न्यू ऑर्लीन्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात गेले. गिलेमँ काही वर्षांनी कॅलिफोर्नियात, ला होयाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये गेले.

अडचण अशी होती की आजी फार हळू बोलते. निरोपाचं अंतर काही मिलिमीटरच, त्यामुळे निसर्गाने रसायनही नावापुरतंच ठेवलेलं. गिलेमँ यांनी कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे मेंदू मिळवले, शॅली यांना एका मोठ्या मांस-कंपनीने डुकरांचे हायपोथॅलॅमस पुरवले. आकडे ऐका. थायरॉइडच्या साखळीतला पहिला निरोप, ज्याला टीआरएच म्हणतात, तो एक मिलिग्रॅम मिळवायला गिलेमँ यांच्या प्रयोगशाळेत सुमारे तीन लाख मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस लागले. एक मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं. सरकारी निधी देणाऱ्यांचा धीर सुटत चालला होता. शेवटी १९६९ मध्ये दोन्ही गटांना जवळजवळ एकाच वेळी उत्तर सापडलं, आणि ते निघालं अगदी साधं, फक्त तीन अमिनो आम्लांची साखळी. एवढ्याशा शब्दासाठी एवढा आटापिटा! पण त्या दिवसापासून 'मेंदू ग्रंथींना हुकूम देतो' हे अनुमान राहिलं नाही.

१९७७ चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक या दोघांना मिळालं, अर्धं. उरलेलं अर्धं मिळालं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या रोझलिन यालो यांना, आणि माझ्या मते आपल्या रोजच्या आयुष्यावर उपकार त्यांचे जास्त आहेत. बाई शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. ब्राँक्सच्या सैनिकी रुग्णालयात झाडूवाल्याच्या सामानाच्या खोलीत त्यांनी आपली पहिली प्रयोगशाळा थाटली. सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर त्यांनी रेडिओइम्युनोअसे नावाची पद्धत काढली, जिने रक्तातली अत्यल्प संप्रेरकं पहिल्यांदा नेमकी मोजता आली. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. मुंबईकरांना परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आठवत असेल. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या संस्थेत कितीतरी जणांनी थायरॉइडच्या तपासणीसाठी रांगा लावल्या आहेत. अणुशक्तीवाल्यांचा थायरॉइडशी काय संबंध, असा प्रश्न तेव्हा पडला असेल, तर त्याच्या उत्तराचा एक धागा ब्राँक्सच्या त्या खोलीपर्यंत जातो. आज प्रयोगशाळांतली यंत्रं किरणोत्सर्गाशिवाय काम करतात, पण मूळ कल्पना तीच.

आता रिपोर्टकडे वळू. टीएसएचची मर्यादा इथल्या बहुतेक प्रयोगशाळा साधारण ०.४ ते ४ अशी देतात. थायरॉइड थकू लागलं की आईची हाक चढते, म्हणून टीएसएच वर जातं. थायरॉइड अति काम करू लागलं की आई गप्प बसते, टीएसएच खाली जातं. म्हणजे आकडा उलटा वाचायचा असतो. आणि आईचा कान फार तिखट आहे. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच जवळजवळ शंभरपट वाढू शकतं. त्यामुळे टी-फोर अजून मर्यादेत दिसत असतानाच टीएसएच कुरकुरायला लागतं. डॉक्टर आधी टीएसएच का बघतात, त्याचं कारण हे. ते चुकत नाहीत. थायरॉइडच्या बहुसंख्य दुखण्यांत बिघाड पोरात असतो, आई ठणठणीत असते.

एक व्यवहारातली गोष्ट. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला सुमारे आठवडा घेतं, म्हणून गोळीचा डोस बदलला की खरं चित्र सहा ते आठ आठवड्यांनी दिसतं. पुण्याच्या डॉक्टरांनी निघायच्या आधी डोस बदलला आणि तुम्ही इथे दहाव्या दिवशी रक्त तपासलं, तर त्या आकड्यावरून भांडण्यात अर्थ नाही. दुसरं, केसांसाठी आणि नखांसाठी इथे जी बायोटिनची गोळी किंवा गमी मिळते, ती काही यंत्रांना फसवते. टीएसएच खोटंच कमी दिसू शकतं. एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. तपासणीच्या आधी ती किती दिवस थांबवायची हे डॉक्टरांना विचारा.

आता तो क्वचितचा प्रसंग. समजा, आईचाच घसा बसला. हाक नाहीच. पोर अंगणात, उपाशी. रस्त्यावरून जाणारा म्हणतो, "किती शांत घर आहे!" पिट्युटरी स्वतः आजारी असेल तेव्हा टी-फोर खाली गेलेलं असतं, तरी टीएसएच वर जात नाही. ते कमी असतं किंवा सरळ मर्यादेत असतं. आपल्या डब्यातल्या रिपोर्टवरचा २.१ असाच असू शकतो. हा घोळ टी-फोर सोबत मोजलं तरच उघडा पडतो.

पिट्युटरीची ही अवस्था गाठीमुळे होते, डोक्याला जबर मार लागल्याने होते, रेडिएशनने होते. आणि बाळंतपणाने होते. हे शेवटचं कारण अमेरिकेतल्या तरुण डॉक्टराला चटकन सुचेलच असं नाही, कारण इथे ते आता फार दिसत नाही. १९३७ साली हॅरल्ड शीहन या ब्रिटिश डॉक्टरांनी त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून ते शीहन सिंड्रोम. गरोदरपणात पिट्युटरी फुगते, तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त वाढते, पण तिचा रक्तपुरवठा मात्र तसाच कमी दाबाचा राहतो. अशा वेळी बाळंतपणात प्रचंड रक्त गेलं, रक्तदाब कोसळला, की ग्रंथीचा मोठा भाग मरतो. बाई वाचते. ग्रंथी हळूहळू वाळत जाते.

आपल्या घरांत ही हकीकत वेगळ्या शब्दांत सांगितलेली असते. "धाकट्याच्या वेळी खूप अंगावरून गेलं, रक्त चढवावं लागलं." "दूध आलंच नाही, वरच्या दुधावर वाढवला." "त्यानंतर पाळी आलीच नाही, बरं झालं, सुटले!" मग हळूहळू थंडी सोसेना होते, काखेतले केस जातात, चेहरा फिका आणि वयाच्या मानाने बारीक सुरकुत्यांचा दिसतो, दुपारी अंग टाकून द्यावंसं वाटतं. सगळे म्हणतात, आई पहिल्यापासून नाजूकच आहे. दहा-वीस वर्षं अशी जातात. मग एखादा ताप, उलट्या किंवा लहानशी शस्त्रक्रिया होते, आणि रक्तातलं सोडियम घसरून बाई एकदम भ्रमिष्टासारखी बोलू लागते. काश्मीर खोऱ्यात डॉ. अब्दुल हमीद झरगर आणि सहकाऱ्यांनी केलेली एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २० वर्षांवरच्या, बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये याचं प्रमाण सुमारे ३ टक्के निघालं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची बाळंतपणं घरी झालेली होती. महाराष्ट्रातही घरी किंवा दूरच्या खेड्यात बाळंत झालेल्या बायकांची पिढी आज साठी-सत्तरीत आहे. तीच पिढी आपल्याकडे नातवंडं सांभाळायला येते.

म्हणून 'पाळी कधी गेली' एवढंच न विचारता 'धाकट्या बाळंतपणानंतर आली होती का, दूध आलं होतं का' हेही आईला विचारा. मुलगा असाल तर हा प्रश्न अवघड जाईल हे मान्य. बायकोला, बहिणीला विचारायला सांगा, पण विचारा. आणि उत्तर डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. अमेरिकन डॉक्टरला आईचा तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कागद मिळणार नाही. तुम्ही सांगाल तोच तिचा इतिहास.

इथे एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. पिट्युटरी वाळली असेल तर थायरॉइडबरोबर ॲड्रिनलची हाकही बंद झालेली असते, म्हणजे कॉर्टिसॉल कमी असतं. अशा माणसाला नुसतं थायरॉक्सिन सुरू केलं तर शरीराचा वेग वाढतो, उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर संपतं, आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन, असा क्रम असतो. कुणाच्या डब्यातली उरलेली थायरॉइडची गोळी "तुलाही थकवा आहे ना, घेऊन बघ" म्हणून दिली जाते, तेव्हा हे आठवा.

(याच कथेची एक चांगली बाजूही न्यूयॉर्कमध्येच आहे. पिट्युटरीचा मागचा भाग हायपोथॅलॅमसमध्ये तयार झालेली दोन संप्रेरकं साठवून ठेवतो. त्यांतलं ऑक्सिटोसिन गर्भाशय आकुंचित करतं. कॉर्नेलच्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. आज बाळ जन्मताच ते इंजेक्शनने देतात ते रक्त थांबावं म्हणून. शीहनने सांगितलेला आजार त्यामुळेच सुरू व्हायच्या आधी टळतो.)

आता डब्यातल्या त्या अर्ध्या फाटलेल्या पट्टीकडे येऊ.

१९४८ च्या सप्टेंबरात मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला ॲड्रिनलमधलं एक रसायन टोचलं. आठवड्याभरात ती बाई उठून बाजारात खरेदीला गेली. ते कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच आणि आणखी दोघांना नोबेल मिळालं, आणि जगाला स्टेरॉइड मिळालं. औषध अस्सल आहे, दम्यात, संधिवातात, अनेक दुखण्यांत ते जीव वाचवतं. पण वाड्यात काय होतं बघा. शेजारीण रोज पोराला आयतं जेवू घालू लागली. पोर तृप्त, म्हणून आई हाक मारेना, आजी निरोप देईना. महिन्यांमागून महिने गेले, घरची चूल थंड पडली. आणि एके दिवशी शेजारीण न सांगता गावाला गेली.

तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड घेतलं तर ॲड्रिनलचा घरचा कारखाना मंदावतो, आणि पुन्हा सुरू व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं. म्हणून डॉक्टर ते एकदम न थांबवता डोस पायरीपायरीने उतरवतात. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही नावं लक्षात ठेवा. भारतात ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवायही सहज मिळून जातात. कधी ती सांधेदुखीच्या पुडीत न सांगता मिसळलेली असतात. आणि अमेरिकेत राहून आपण सुरक्षित, असंही नाही. एफडीएने २०२२ मध्ये आर्ट्री किंग नावाने इथे विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या गोळ्यांबद्दल इशारा दिला. वेष्टनावर नसलेलं डेक्सामेथासोन त्यांत सापडलं होतं. त्या इशाऱ्यातही हेच सांगितलं होतं की गोळ्या डॉक्टरांना न विचारता अचानक बंद करू नका.

इथे नेमकं उलटं घडतं. बाबांची पट्टी प्रवासाच्या सहाव्या आठवड्यात संपते. इथे ती मिळत नाही. बाबा म्हणतात, "जाऊ दे, तशीही गरज नव्हती." चार-पाच दिवसांत भूक जाते, मळमळ, उठलं की चक्कर, अंगात त्राण नाही. आपल्याला वाटतं हवा बदलली, जेट लॅग आहे, पिझ्झा बाधला. उलट्या थांबत नसतील, माणूस गुंगीत जात असेल, तर ९११ ला फोन करा आणि पहिल्या वाक्यात सांगा की हे स्टेरॉइड घेत होते आणि ते बंद झालं आहे. या एका वाक्याने तपासण्यांचे तास वाचतात. रिकामी पट्टीसुद्धा फेकू नका, सोबत न्या.

शस्त्रक्रियेच्या वेळीही हेच. निरोगी शरीर शस्त्रक्रियेच्या ताणात कॉर्टिसॉल कितीतरी पट वाढवतं. ज्याची चूल थंड आहे त्याला ते बाहेरून द्यावं लागतं. जॉन केनेडी सिनेटर असताना, १९५४ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. त्यांना ॲडिसनचा आजार होता, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीच निकामी. त्यांच्या बाबतीत पोरच ओ देत नव्हतं. स्टेरॉइडचं नियोजन करूनच डॉक्टरांनी हात लावला, तरी नंतर जंतुसंसर्ग होऊन ते मरणाच्या दारातून परतले. पुढच्या वर्षी एका वैद्यकीय नियतकालिकात '३७ वर्षांचा पुरुष' एवढ्याच ओळखीने ही केस छापून आली. तो पुरुष कोण हे लोकांनी नंतर ताडलं. जनतेपासून त्यांनी आजार लपवला, पण भूल देणाऱ्याला तो ठाऊक होता. आपल्याकडे बाबा मोतीबिंदूपासून गुडघ्यापर्यंत सगळ्या फॉर्मवर 'स्टेरॉइड: नाही' अशी खूण करून मोकळे होतात.

पाळी आणि प्रजननाच्या अंगणात आजीची रीत आणखी मजेची आहे. तिथला निरोप ती सतत देत नाही, तास-दीड तासाने एकदा देते. पिट्सबर्गमध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर दाखवलं की हा निरोप तासाला एकदा दिला तर पिट्युटरी चोख काम करते, आणि तोच सतत ओतत राहिला तर ती पार गप्प होते. आयांना हे सांगायला नको. दिवसभर "अभ्यास कर, अभ्यास कर" चाललं की पोरं ऐकेनाशी होतात! या बहिरेपणाचा उपयोग औषधात झाला. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी महिन्या-तीन महिन्यांनी जे ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन देतात, ते आजीच्या निरोपाचीच नक्कल असतं, फक्त न थांबणारी. सुरुवातीचे काही दिवस टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग कोसळतं. घरात कुणाचे उपचार चालू असतील तर पहिल्या आठवड्यांत डॉक्टर आणखी एक गोळी का देतात, ते यावरून समजेल.

प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक मात्र सगळ्यांत निराळं. त्याच्या बाबतीत आजी "बोलव" म्हणत नाही, "गप्प बस" म्हणते, आणि तो निरोप डोपामिनचा असतो. डोपामिन अडवणारं कुठलंही औषध घेतलं की प्रोलॅक्टिन मोकाट सुटतं. भारतातून येणाऱ्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलबरोबर बऱ्याचदा डॉम्पेरिडोन असतं. त्या कॅप्सूलच्या नावात शेवटी 'डी' असतो. डॉम्पेरिडोनला अमेरिकेत मान्यताच नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरच्या ते ध्यानात येईलच असं नाही. एखादीची पाळी चुकते, प्रोलॅक्टिन वाढलेलं निघतं, मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी हातात पडते, आणि रात्रभर घरात कुणाला झोप नसते. एमआरआय नको असं मी म्हणत नाही. विशेषतः सतत डोकेदुखी असेल, गाडी चालवताना बाजूच्या लेनमधलं दिसत नसेल, तर तो लवकर करा, कारण पिट्युटरीची गाठ वाढली की वरून जाणाऱ्या दृष्टीच्या नसांवर दाब देते. अशा गाठी बहुतेक कर्करोगाच्या नसतात. पण आधी ती कॅप्सूल टेबलावर ठेवा.

राहिली वेळ. कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं, म्हणून ते सकाळी आठच्या सुमारास मोजतात. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या आईची सकाळ पहिले काही दिवस इथल्या रात्री उगवते. तिची तपासणी तातडीची नसेल तर तिला आधी इथल्या उजेडात आठ-दहा दिवस नीट झोपू-उठू द्या, मग रक्त द्यायला न्या. तातडीची असेल तर विमान कधी उतरलं ते डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री डब्यातलं सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडा. गोळ्या, कॅप्सूल, पुड्या, गोरं होण्याचं क्रीम, दम्याचा पंप, केसांची गमी. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा, नावाची बाजू वर करून. मग आईजवळ बसून धाकट्याच्या बाळंतपणाचं विचारा. चहा करून घ्या, ती गोष्ट लांबते.